हुसकावलेली माशी जाते कोठे?
गोठ्यातील वाळूमाशी आणि तिच्यावरील औषधांची उपयुक्तता

(विश्रामबाग, सांगली येथे पशुसंवर्धन व आरोग्य खात्यांचे कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



दिवेलागणीची वेळ आहे. गोठ्यात म्हैस बांधली आहे. ती शेपटी आपटते, कान फडफडविते, अंगावरची कातडी थरथरविते. मालक गोवऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर करतो. थोड्या वेळाने म्हैस शांत होते, मन लावून वैरण खाऊ लागते आणि मालकाला काम झाल्याचे समाधान लाभते. गोठ्याला लागूनच असलेल्या खोलीत त्याची दोन लहान मुले जमिनीवर अंथरूण घालून झोपलेली असतात. म्हशीच्या अंगावरून उठलेल्या माश्या कोठे गेल्या, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

आज मी आपल्यासमोर याच प्रश्नाचा विचार मांडणार आहे. जनावरांच्या अंगावर वापरावयाची कीटकनाशके व कीटकरोधक औषधे वाळूमाशीच्या बंदोबस्तास कितपत उपयोगी पडतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्यांचा वापर कसा केला असता गोठ्याबरोबर घरही सुरक्षित राहील, हा आजचा विषय आहे. विश्रामबागेचे नाव घेताच आज महाविद्यालये, रेल्वे स्थानक आणि सांगली-मिरजेचा गजबजलेला रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. तथापि वस्ती पक्की झाली म्हणून गोठे नाहीसे झाले, असे नाही. शहराच्या कडेला दुधाचा धंदा चालतो आणि कृष्णाकाठच्या गावांत तर घर आणि गोठा यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. म्हणून हा विषय जितका पशुवैद्यकाचा, तितकाच शिक्षकाचा व पंचायत सदस्याचाही आहे.

डास नव्हे, वाळूमाशी

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय. तिची लांबी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर, रंग मातकट आणि अंगावर बारीक लव असते. बसताना ती पंख मिटून घेत नाही. इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे वर उभारून ठेवते. ती डासासारखी गुणगुणत नाही. तिचे उडणे दुबळे असते; छोट्या छोट्या उड्या मारीत ती जमिनीलगत पुढे सरकते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत शिरू शकते. रक्त पिते ती फक्त मादी, आणि तेही बहुधा संध्याकाळनंतर. दिवसा ती भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, गव्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते.

डासात आणि तिच्यात आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. डासाची अळी पाण्यात वाढते, तर वाळूमाशीची अळी ओलसर मातीत, शेण, कुजका पालापाचोळा व वैरणीचा चुरा यांवर पोसली जाते. म्हणून डासांसाठी आपण जे करतो, म्हणजे डबकी बुजविणे, टाक्या झाकणे, गप्पी मासे सोडणे, त्याने वाळूमाशीचे काहीच बिघडत नाही. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास हवामानानुसार साधारणतः एक ते दोन महिने लागतात. हा काळ लक्षात ठेवावा. फवारणी एकदा करून का भागत नाही, याचे एक उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे आढळणाऱ्या जातींपैकी फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही गुराढोरांच्या रक्ताची विशेष भोक्ती असून गोठा हे तिचे माहेरघर होय. फ्लेबोटोमस पापाटासी ही माणूस आणि जनावर या दोहोंनाही चावते. सर्जेंटोमाया गटातील माश्या प्रामुख्याने पाली-सरड्यांसारख्या प्राण्यांवर जगतात. तथापि त्यांच्याही शरीरात रोगाचे विषाणू सापडले आहेत.

चांदीपुऱ्याचा इशारा

वाळूमाशीची एवढी दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९६५ साली नागपूरकडील चांदीपुरा येथे तापाची साथ चालू असताना रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हे काम केले. पुढे त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना तेव्हाच्या औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो विषाणू आढळला आणि ते संशोधन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. गावाचे नाव विषाणूला मिळाले, परंतु पुढील कित्येक वर्षे तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

२००३ च्या पावसाळ्यात मात्र त्याने आपले खरे रूप दाखविले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. त्याच वर्षी विदर्भातही साथ आली. २००७ मध्ये नागपूर विभागात ती पुन्हा उद्भवली. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात, प्रामुख्याने गुजरातेत, तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू निश्चितपणे सापडला. हा रोग बहुतांशी पंधरा वर्षांखालील मुलांना होतो. एकाएकी चढणारा ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी असा त्याचा क्रम असून मूल एक-दोन दिवसांत हातचे जाऊ शकते. त्यावर खास औषध नाही आणि लसही उपलब्ध नाही. यास्तव माशीचा बंदोबस्त हाच आपल्या हाती असलेला मुख्य उपाय होय.

पाळीव जनावरांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे आढळली आहेत. याचा अर्थ जनावरांनाही माशी चावते आणि विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचतो, इतकाच घ्यावा. जनावर रोग पसरविते असा ग्रह करून कोणी गाई-म्हशींवर राग काढू नये. जनावर माशीला रक्त पुरविते, गोठा तिला निवारा देतो आणि उकिरडा तिची पिले वाढवितो. आपली लढाई या तीन ठिकाणी आहे.

मारणे आणि हुसकावणे

आता औषधांकडे वळू. जनावराच्या अंगावरील औषध दोन प्रकारे काम करते. पहिला प्रकार मारणारा: माशी अंगावर बसली, औषधाचा स्पर्श झाला आणि ती मेली. दुसरा प्रकार हुसकावणारा: वासाने वा दाहाने माशी बसण्यापूर्वीच किंवा चावण्यापूर्वीच दूर जाते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, परमेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील औषधे दोन्ही कामे कमीअधिक प्रमाणात करतात. कडुनिंबाचे तेल, करंजाचे तेल व धूर यांचे काम मुख्यतः हुसकावण्याचे आहे.

एकट्या जनावराच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो; म्हैस शांत होते. गावाच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. जी म्हैस माशीला नुसती हुसकावते, ती भुकेल्या माशीला शेजारच्या वासराकडे, कुत्र्याकडे अथवा निजलेल्या मुलाकडे पाठविते. जी म्हैस माशीला मारते, ती जणू आमिष लावलेला सापळा ठरते. रक्ताच्या ओढीने माशी तिच्याकडे येते आणि तेथेच तिचा शेवट होतो. म्हणून माझे आजचे सांगणे एका वाक्यात असे आहे: जनावरावर मारणारे औषध वापरावे आणि हुसकावणारे औषध माणसांसाठी राखावे.

हा विचार केवळ कल्पनेतला नाही. वायव्य पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांच्या वसाहतींत गुरांच्या अंगाला डेल्टामेथ्रिनचे पाणी फडक्याने लावण्याचा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. तेथील कीटक हिवतापाचा डास होता, वाळूमाशी नव्हे; परंतु तोही गुरांचे रक्त पिणारा होता. त्या प्रयोगात फाल्सिपारम हिवतापाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. गुरांना औषध लावल्याने माणसांचे आजारपण कमी झाले! परंतु तेथे एखाद-दुसऱ्या घरची नव्हे, तर सबंध वसाहतीतील गुरे हाताळली गेली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

वाळूमाशीच्याच बाबतीत इराणचा अनुभव उल्लेखनीय आहे. तेथे कालाआजाराचा परजीवी कुत्र्यांत राहतो व वाळूमाशी तो मुलांपर्यंत नेते. अठरा गावे निवडून त्यांपैकी निम्म्या गावांतील कुत्र्यांच्या गळ्यात डेल्टामेथ्रिनयुक्त पट्टे बांधण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पट्टे बांधलेल्या गावांत मुलांमधील नव्या संसर्गाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरले. कुत्र्यांमध्येही ते निम्म्याहून खाली आले. आपल्या देशातील कालाआजार माणसाकडून माणसाकडे जातो. म्हणून इराणचा उपाय जसाच्या तसा येथे लागू होणार नाही. तथापि जनावरावरील औषधाचा लाभ माणसापर्यंत पोहोचू शकतो, हे तत्त्व त्यातून सिद्ध होते.

अंगावरचे औषध किती दिवस टिकते?

प्रत्येक औषधाला आयुष्य असते. कुत्र्याच्या पट्ट्यातून औषध संथपणे कातडीवर पसरत राहते. त्याचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात, मात्र पुढे तो काही महिने टिकतो. मानेवर थेंब सोडण्याची औषधे तीन-चार आठवडे काम करतात. येथे एक इशारा दिला पाहिजे. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराला विषासमान आहे. ज्या घरी मांजर आहे त्यांनी ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना आणू नये.

गाई-म्हशींचे गणित निराळे आहे. त्यांचे अंग मोठे. ऊन, पाऊस, धूळ, घासणे, लोळणे यांनी औषध लवकर उतरते. पोट, कास व पाय या केस विरळ असलेल्या जागी माशी अधिक चावते आणि नेमक्या त्याच जागा फवारणीतून सुटतात. वरून पाठीवर पंप मारून काम उरकले तर जनावर ओले होते, परंतु माशीची बसण्याची जागा कोरडीच राहते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. फवारणी झाल्यावर त्याच सायंकाळी म्हशी डुंबण्यासाठी नदीवर नेल्या जातात. तेथे औषध धुऊन जाते, पैसा पाण्यात जातो आणि पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत घातक असल्यामुळे कृष्णेतील जलचरांचीही हानी होते. फवारणीनंतर म्हैस नदीत वा ओढ्यात सोडू नये. रिकामे डबे व धुण्याचे पाणीही ओढ्यात टाकू नये.

दुधाचा विचार तर सर्वांत आधी केला पाहिजे. ही औषधे स्निग्ध पदार्थात विरघळणारी आहेत, म्हणून त्यांचा अंश दुधातील स्निग्धांशात उतरण्याचा धोका असतो. दुभत्या जनावरासाठी कोणते औषध चालते, किती पातळ करावयाचे आणि नंतर किती काळ दूध काढून टाकावयाचे, हे वेष्टनावर छापलेले असते व पशुधन विकास अधिकारी ते समजावून सांगतात. शेतात पिकावर मारण्याचे औषध जनावराच्या अंगावर मारण्याची चूक कदापि करू नये. त्यातील द्रावक आणि तीव्रता वेगळी असते. पूर्वी गावोगाव जनावरांच्या अंगावर गॅमेक्झीनची भुकटी चोळीत असत. त्या बीएचसी औषधावर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे. जुन्या डब्यात शिल्लक असेल तर ती वापरू नये.

रक्तावाटे माशीला विष पोहोचविण्याचाही एक मार्ग शोधला जात आहे. बिहारमध्ये गुरांना फिप्रोनिल तोंडावाटे देऊन त्यांचे रक्त पिणाऱ्या माश्या व त्यांच्या शेणात वाढणाऱ्या अळ्या मरतात काय, हे तपासणारे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कल्पना आशादायक आहे; परंतु ती शास्त्रज्ञांच्या प्रयोगाची बाब आहे. दुभत्या जनावरावर कोणीही घरगुती प्रयोग करू नये.

कडुनिंबाचे तेल कोठे वापरावे?

कडुनिंबाला मी कमी लेखतो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. दिल्लीच्या हिवताप संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी खोबरेल किंवा मोहरीच्या तेलात दोन टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून माणसांच्या अंगाला लावले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गोठ्यात वाढणाऱ्या अर्जेंटिपेस जातीपासून रात्रभर पूर्ण संरक्षण मिळाले. पापाटासीवर प्रयोगशाळेत हा गुण सुमारे सात तास टिकला. म्हणजे शंभर मिलिलिटर खोबरेलात दोन मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, इतका साधा व स्वस्त उपाय आपल्या हाताशी आहे. पहाटे धारेला बसणारी बाई, रात्री गोठ्यात निजणारा गडी आणि घरातील मोठी मुले यांनी उघड्या हातापायांस ते लावावे. तान्ह्या मुलांना मात्र लावू नये आणि कोणासही कडुनिंबाचे तेल पोटात देऊ नये. अशा रीतीने हुसकावणारे औषध माणसाजवळ आणि मारणारे औषध जनावराजवळ राहिले, म्हणजे माशीला मोकळी वाट उरत नाही.

डीडीटीचा धडा

औषधाच्या बळावर आपण एकदा जिंकलो होतो आणि पुन्हा हरलो, हेही सांगितले पाहिजे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व घरोघर डीडीटीची फवारणी झाली. तिचे लक्ष्य डास होता. पण भिंतीवर बसणारी वाळूमाशीही त्यात मेली आणि बिहारमधून कालाआजार जवळजवळ नाहीसा झाला. पुढे फवारणी थांबली, माशी परत आली आणि १९७७ च्या सुमारास बिहारमध्ये कालाआजाराची मोठी साथ उसळली. पुन्हा डीडीटी हाती घेतले, तेव्हा १९७९ मध्ये पापाटासी व १९९० मध्ये अर्जेंटिपेस या जातींनी त्यास दाद न दिल्याचे आढळले. अखेर २०१५ पासून कालाआजाराच्या कार्यक्रमात डीडीटीऐवजी पायरेथ्रॉइड गटातील अल्फासायपरमेथ्रिन आणावे लागले.

यातून आपण काय शिकावे? कमी मात्रेत, अर्धवट आणि वारंवार मारलेले औषध माशीला मारीत नाही. ते दुबळ्या माश्या मारून चिवट माश्यांचे बियाणे मागे ठेवते. शिवाय डीडीटी व पायरेथ्रॉइड ही दोन्ही माशीच्या मज्जातंतूंतील एकाच जागी घाव घालतात. म्हणून एकास निर्ढावलेली माशी दुसऱ्यासही दाद देईनाशी होऊ शकते. गोचिडांसाठी एक, माश्यांसाठी दुसरे, असे म्हणत वर्षभर तेच ते औषध निरनिराळ्या नावांनी मारण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने घातक आहे. वेष्टनावरील व्यापारी नावाच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

भिंत, भेग आणि उकिरडा

अंगावरचे औषध ही लढाईची एक बाजू झाली. माशी जनावरावर काही क्षण असते. उरलेला दिवस ती भिंतीच्या भेगेत काढते. म्हणून भिंतीवरील फवारणीस पर्याय नाही. वाळूमाशी खालून उड्या मारीत चढते, यास्तव कालाआजाराच्या कार्यक्रमात भिंतीवर सहा फुटांपर्यंत फवारणी करतात व तीत गोठा वगळीत नाहीत. फवारलेल्या भिंतीवर लगेच शेणामातीचा पोतेरा वा चुना फिरविला तर औषध झाकले जाते आणि सारे श्रम व्यर्थ ठरतात. २०२४ साली गुजरातेत साथीच्या गावांत कच्च्या भिंतींच्या भेगांत मॅलेथिऑनची भुकटी धुरळण्यात आली; माशीच्या घरापर्यंत औषध पोहोचविण्याचाच तो प्रयत्न होता.

परंतु भेगेत औषध घालण्यापेक्षा भेग बुजविणे केव्हाही श्रेयस्कर. ते एकदा केले की दर हंगामाला करावे लागत नाही. गोठ्याच्या भिंतीस निदान पुरुषभर उंचीपर्यंत गिलावा, जमिनीस कोबा व मूत्र वाहून जाण्यास उतार, शेण रोजच्या रोज बाहेर, उकिरडा घरापासून व गोठ्यापासून शक्य तितका दूर, ही कामे कोणत्याही औषधाच्या डब्यापेक्षा अधिक काळ टिकतात. माशी दूरवर उडू शकत नाही, ही तिची दुर्बळता आपल्या उपयोगी पडते. कृष्णेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर ज्यांनी गोठ्यातील गाळ व कुजका कडबा उपसला, त्यांना हे काम किती कष्टाचे आहे ते ठाऊकच आहे. पूर ओसरल्यावर ओल, गाळ आणि कुजकी वैरण एकत्र येतात; वाळूमाशीच्या अळीला याहून अधिक सोयीचे काय असणार?

पंचायतीचे आणि शाळेचे काम

या साऱ्यांत एकट्या पशुपालकाची शक्ती थोडी आहे. एका आळीत दहा गोठे असले आणि त्यांपैकी दोघांनीच औषध मारले, तर उरलेल्या आठ गोठ्यांत माशी सुखाने नांदते. म्हणून पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी बोलून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी गावातील सर्व जनावरे एकाच औषधाने, योग्य मात्रेत, पोट व पायांसह हाताळावीत. त्याच आठवड्यात गोठे व लगतच्या भिंती यांची फवारणी व्हावी. फवारणाऱ्याने हातमोजे वापरावे, नाकातोंडावर फडके बांधावे आणि वाऱ्याच्या दिशेकडे पाठ ठेवावी. कोणत्या आळीत, कोणत्या तारखेस, कोणते औषध वापरले, याची नोंद एका वहीत ठेवावी. पुढील वर्षी औषध बदलावयाचे की नाही, ते ठरविताना ही वही उपयोगी पडेल.

शिक्षकांचे काम याहून मोलाचे आहे. ही माशी डास नव्हे, ती पाण्यात नव्हे तर शेणमातीत वाढते, हे मुलाला शाळेत कळले तर ते घरी जाऊन गोठ्याच्या भेगा दाखवील. तसेच पावसाळ्यात एखाद्या मुलास एकाएकी तीव्र ताप व झटके आले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात न्यावयाचे, हेही पालकांना शाळेतूनच सांगावे. अशा आजारात तास मोजावे लागतात.

मंडळी, आरंभीच्या गोठ्याकडे पुन्हा एकदा पाहू. मालकाने धूर केला, यात त्याची चूक नव्हती. आपल्या मुक्या जनावराचे हाल त्याला पाहवले नाहीत. त्याची दया गोठ्याच्या भिंतीपाशी थांबली, एवढेच. ती भिंतीपलीकडे निजलेल्या मुलांपर्यंत पोहोचावी, यासाठी त्यास योग्य औषधाची माहिती देणे, ते वेळेवर उपलब्ध करून देणे आणि साऱ्या आळीला त्याच्याबरोबर उभे करणे, हे आपणा सर्वांचे काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावातील निदान एका आळीत हे काम पूर्ण करण्याचा निश्चय आपण येथून करून जावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.